सायनसचं दुर्बिणीचं ऑपरेशन: आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने

आमच्याकडं कुणाला सायनसचं ऑपरेशन सांगितलं की समोरच्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "नको करू, परत होतंय." मलापण जावेनं सांगितलं, शेजारच्या काकूंनी सांगितलं, दुकानात माल उतरवायला येणाऱ्या मामांनीपण सांगितलं, आणि मी दोन वर्षं टाळत बसले. शेवटी मिरजेला करून घेतलं आणि आता जो कोणी विचारतो त्याला मी तासभर सांगत बसते, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढावं. मी डॉक्टर नाही, सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. माझं मत एकच आहे आणि ते सुरुवातीलाच सांगते, ऑपरेशन दीड-दोन तासांचं असतं, पण ते टिकणार का नाही हे त्याच्या आधीच्या तीन महिन्यांत आणि नंतरच्या तीन महिन्यांत ठरतं. "परत झालं" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना मी विचारलंय की नंतर नाक धुत होता का, स्प्रे किती दिवस मारला, तर उत्तर येतं, "बरं वाटलं मग सोडून दिलं."

आधी बघा, तुमचं खरंच जुनाट सायनस आहे का

डोकं दुखलं की सायनस असं आपल्याकडं धरूनच चालतात. तसं नसतं. जुनाट सायनस कधी म्हणतात, तर १२ आठवड्यांपेक्षा जास्त दिवस त्रास सलग चालू आहे, आणि त्यात नाक चोंदणं किंवा घट्ट शेंबूड (पुढनं येणारा किंवा मागनं घशात उतरणारा) यातलं एक तरी आहेच, त्याच्या जोडीला चेहऱ्यावर जड वाटणं किंवा दुखणं, नाहीतर वास न येणं. नुसतं अर्धं डोकं ठणकतंय, उजेड सहन होत नाही, उलटीसारखं होतंय, आणि नाक मात्र मोकळं आहे, तर ते बहुतेक वेळा मायग्रेन निघतं. माझी चुलत बहीण चार वर्षं सायनसच्या गोळ्या खात होती आणि निघालं मायग्रेन. तिचं कुणी ऑपरेशन केलं असतं तर डोकं तसंच दुखत राहिलं असतं आणि गावभर तीच सांगत सुटली असती की ऑपरेशनचा उपयोग नाही.

दुसरं एक, त्रास एकाच बाजूला आहे आणि त्या बाजूच्या शेंबडाला घाण वास येतोय, तर वरच्या दाढा दाताच्या डॉक्टरांना दाखवा. वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या अगदी तळाशी असतात, दाढ किडली की पू वर सायनसमध्ये जातो, मग नाकाचं कितीही केलं तरी दाढेचं केल्याशिवाय थांबत नाही. आणि एकाच बाजूला मांस वाढलेलं दिसलं, किंवा एकाच बाजूनं रक्त येतंय, तर त्याला साधं पॉलिप (अस्तर सुजून नाकात वाढणारं मऊ मांस) समजून घरी बसू नका, ते तपासूनच घ्यावं लागतं.

आत काय बिघडतं, ते थोडक्यात

हे समजून घेतलं की पुढचं सगळं पटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. गालाच्या मागं, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे आणि पार मागं डोक्याच्या मध्याकडं अशा हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. आतनं पातळ अस्तर असतं आणि त्यावर डोळ्याला न दिसणारे बारीक केस, ते सारखे हलत असतात आणि चिकट पाणी एका ठरावीक भोकाकडं ढकलत असतात. गंमत बघा, गालातल्या सायनसचं भोक तळाला नसतं, वरच्या बाजूला असतं. म्हणजे घाण चढावर ढकलत न्यावी लागते. सर्दीनं, ॲलर्जीनं, धुळीनं ते भोक सुजून बुजलं की आतलं पाणी तुंबतं, घट्ट होतं, त्यात जंतू वाढतात, अस्तर आणखी सुजतं. शेताला पाणी पाजताना बारं बुजलं तर पाटाला पाणी असून पुढच्या वाफ्यात जात नाही आणि मागं तुंबतं, तसंच हे.

पूर्वी काय करायचे, ओठाच्या आतनं चिरून गालाच्या हाडाला भोक पाडायचे आणि सायनसचं सगळं अस्तर खरवडून काढायचे. न्यूयॉर्कच्या काल्डवेलनं १८९३ मध्ये आणि पॅरिसच्या ल्यूकनं १८९७ मध्ये ती पद्धत मांडली, म्हणून काल्डवेल-ल्यूक म्हणतात. त्यात पाणी खाली उतरावं म्हणून तळाला नवीन भोक ठेवायचे. पण ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावच्या मेसरक्लिंगर नावाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं बघून दाखवलं की खाली भोक पाडलं तरी ते बारीक केस घाण जुन्या, वरच्या भोकाकडंच ढकलतात, खालच्या भोकाला वळसा घालून. मग ठरलं की नवीन दार पाडण्यापेक्षा मूळचं दार मोकळं करायचं आणि अस्तर जपायचं. त्यांचे शिष्य स्टॅमबर्गर यांनी ते पुढं नेलं, अमेरिकेत डेव्हिड केनेडी यांनी १९८५ मध्ये त्याला फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी असं नाव दिलं, तेच आज आपल्याकडं फेस (FESS, त्या नावाची आद्याक्षरं) किंवा दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणून ओळखतात. माझ्या सासऱ्यांचं जुन्या काळात नाकात जाड सुई घालून पाणी मारून सायनस धुतलेलं, त्यांना ते आयुष्यभर आठवत होतं, त्यामुळं माझ्या वेळेला घरात जी भीती होती ती त्या सुईची होती. हे ऑपरेशन ते नाही, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना आधी समजावून सांगा.

आधीचे तीन महिने: औषधं मनापासून घ्या

चांगला डॉक्टर पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख देत नाही (डोळ्याला सूज, नजर कमी होणं, बुरशीचा वेगानं पसरणारा आजार असलं काही असेल तर गोष्ट वेगळी, तिथं घाई करावीच लागते. २०२१ मध्ये कोविडनंतर काळ्या बुरशीचे पेशंट आपण बघितलेत, त्यात शुगरवाल्यांचे किती हाल झाले ते विसरू नका). नाहीतर साधारण दोन-तीन महिने नाक धुणं आणि स्टिरॉइडचा स्प्रे, गरज असेल तर अँटिबायोटिक, ॲलर्जीची गोळी. माझं काय झालं, आधीच्या एका ठिकाणी मला वर्षात पाच-सहा वेळा अँटिबायोटिकचे कोर्स दिले, नाकात दुर्बीण घालून कुणी बघितलंच नाही. मला वाटायचं औषध चालूच आहे की. औषध म्हणजे नुसत्या गोळ्या नव्हेत, हे माझं ऑपरेशन केलेल्या मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी सांगितल्यावर कळलं.

नाक कसं धुवायचं ते सांगते. मेडिकलमध्ये बाटली आणि पुड्या मिळतात, सुरुवात त्यानंच करा. घरी करायचं तर आयोडीन नसलेलं मीठ तीन चमचे आणि खायचा सोडा एक चमचा कोरडा मिसळून बरणीत ठेवा, आणि त्यातला एक सपाट छोटा चमचा २४० मिलि कोमट पाण्यात. पाणी उकळून गार केलेलंच पाहिजे, ह्यात अजिबात तडजोड नको. नळाचं, बोरचं, विहिरीचं पाणी पोटात गेलं तर पोट सांभाळून घेतं, पण नाकातनं वर गेलं तर त्यातला एक अमिबा मेंदूपर्यंत जाऊ शकतो, ते क्वचित होतं पण झालं तर माणूस वाचणं अवघड असतं. मी रात्री पातेलंभर पाणी खळखळ उकळून झाकून ठेवते, तेच सकाळी कोमट करून वापरते.

बेसिनवर वाका, डोकं किंचित एका बाजूला, तोंड उघडं ठेवून तोंडानं श्वास घ्या आणि "क क क" म्हणत म्हणत बाटली हळू दाबा. क म्हणताना टाळू वर उचलली जाते त्यामुळं पाणी घशात कमी उतरतं. एका बाजूनं गेलं की दुसऱ्या बाजूनं येतं. पहिल्या दिवशी नाकातोंडात जातं, डोळ्यात पाणी येतं, चौथ्या दिवशी सवय होते. कान दुखला तर तुम्ही जोरात दाबताय. ज्यांनी जलनेती केलीय त्यांना हे सोपं जातं. बाटली रोज धुऊन उलटी वाळत ठेवा आणि दर तीन महिन्यांनी बदला.

धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजव्या नाकपुडीत, तोंड स्प्रेचं डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडं, मधल्या पडद्याकडं नाही. पडद्यावर मारत राहिलं की रक्त येतं. मारल्यावर जोरात ओढू नका, औषध घशात जातं, हळूच हुंगल्यासारखं करा. स्टिरॉइड म्हटलं की घरात सगळे घाबरतात, शरीर सुजतं म्हणतात, पण स्प्रेमधला डोस अगदी थोडा असतो आणि तिथल्या तिथंच काम करतो, गोळ्यांसारखा अंगात फारसा उतरत नाही. याचा गुण लगेच येत नाही, दोन-तीन आठवडे लागतात, आणि लोक तिथंच सोडतात.

आणि ते नाक मोकळं करायचे थेंब, ऑट्रिव्हिनसारखे, ते पाच-सात दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. मी दोन वर्षं पर्समध्ये बाटली घेऊन फिरत होते. थेंब टाकला की दहा मिनिटांत मोकळं, आणि उतरला की आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग परत थेंब. ते सुटायला मला तीन आठवडे लागले आणि ते तीन आठवडे ऑपरेशनपेक्षा अवघड गेले, पण सुटलं. वाफेचं म्हणाल तर वाफेनं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, सायनस बरा होत नाही, आणि उकळतं पातेलं मांडीवर सांडून भाजल्याची उदाहरणं आपल्या घराघरांत आहेत, लहान पोरं आसपास असतील तर करूच नका. तपकीर, मिश्री, सिगारेट, चुलीचा धूर हे ज्याच्या घरात आहे त्यानं पहिलं ते बंद करावं.

सीटी स्कॅन कधी करायचा

औषधाचा पूर्ण कोर्स झाल्यावर, आणि ताजी सर्दी नसताना. साध्या सर्दीतपण सीटीत सायनस भरलेले दिसतात, त्यामुळं सर्दीत काढलेला रिपोर्ट बघून निर्णय घेतला तर चुकू शकतो. सीटी पीएनएस म्हणतात, साधा, रंगाचं इंजेक्शन लागत नाही, पाच-दहा मिनिटांत होतो. फिल्मबरोबर सीडीपण मागून घ्या. डॉक्टरांना त्यात फक्त कुठं भरलंय एवढंच बघायचं नसतं, डोळ्याची भिंत किती पातळ आहे, मेंदूखालचं हाड किती खोल आहे, पूर्वीचं काही ऑपरेशन झालंय का, हा त्यांचा नकाशा असतो. सीटीशिवाय ऑपरेशनला कुणी तयार असेल तर तिथं करू नका.

मग डॉक्टरांना समोर बसून विचारा. नेमके कोणते सायनस उघडणार, पॉलिप आहेत का, पडदा वाकडा आहे तो सरळ करणार का, भूल पूर्ण देणार का, पॅक (रक्त थांबायला नाकात भरतात तो बोळा) घालणार का आणि कधी काढणार, काढलेलं मांस तपासायला पाठवणार ना, आणि ऑपरेशननंतर साफ करायला मला किती वेळा यावं लागेल. शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. फुग्याची पद्धतपण असते, बारीक फुगा भोकात फुगवून ते रुंद करतात, पण ती थोडक्या आजाराला चालते, पॉलिपनं भरलेल्या नाकाला नाही. म्हणून जाहिरात बघून मला फुग्याचंच करा असा हट्ट धरू नका.

दमा आहे, नाकात पॉलिप आहेत आणि ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारखी गोळी घेतली की धाप लागते, असं तिन्ही असेल तर ते ठासून सांगा. हा वेगळाच प्रकार असतो, यात पॉलिप परत यायची शक्यता जास्त असते आणि ऑपरेशनच्या वेळच्या वेदनाशामक गोळ्यापण बदलाव्या लागतात.

पैसे आणि कागद

सांगली-मिरजेला दवाखान्यांची कमी नाही. डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये दवाखाना सुरू केला तेव्हापासून कर्नाटकातनंसुद्धा लोक इथं येतात, मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ पासून आहे, आणि सातारा जिल्ह्यातल्यांना कराडजवळ कृष्णा हॉस्पिटल आहे. सरकारी ठिकाणी रांग लांब असते, पण कान नाक घसा विभागात हे ऑपरेशन सारखं होत असतं त्यामुळं हात बसलेला असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं बसतं का, हे त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारा, रेशन कार्ड आणि आधार घेऊनच जा, आणि मंजुरी आल्याशिवाय ॲडमिट होऊ नका. खासगी मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून बघा, बऱ्याच पॉलिसीत सायनस आणि नाकाच्या पडद्याला पहिली दोन वर्षं क्लेम मिळत नाही. माझ्या दिरांना हे डिस्चार्जच्या दिवशी कळलं आणि मग सोसायटीतनं कर्ज काढावं लागलं. खर्चाचा आकडा विचारताना भूलतज्ज्ञ, मायक्रोडिब्रायडरचं (पॉलिप कापून ओढून घेणाऱ्या यंत्राचं) ब्लेड, पॅक, बायोप्सी आणि नंतरच्या साफसफाईच्या भेटी यात धरल्यात का हे वेगवेगळं विचारा.

तारीख ठरवताना आपल्याकडचं हवामान आणि हंगाम बघा, हे कुठलाच कागद सांगत नाही. फेब्रुवारीनंतर यार्डात हळदीचा हंगाम असतो, सौदे चालू असतात, पोती हलतात, हवेत पिवळी धूळ उभी असते. ऊसतोड चालू असताना पाचट पेटवतात, रात्री गावावर धूर बसतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला पाणी चढलं की रस्ते बंद. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो, २०१९ च्या महापुरात खालचा मजला पाण्यात होता, त्यानंतर भिंतींना जी ओल आणि बुरशी लागली त्यानं माझं नाक आणखी बिघडलं असं मला वाटतं. मी मे महिन्याच्या शेवटी करून घेतलं, म्हणजे हळदीची गर्दी ओसरलेली आणि पहिल्या तीन-चार भेटी पूर यायच्या आधी उरकल्या. घरात बुरशी असेल तर ऑपरेशनच्या आधी भिंत खरवडून रंगवून घ्या, गादी-उशा उन्हात टाका. नवीन नाक घेऊन जुन्या ओलीत परत झोपायचं नाही.

ऑपरेशनच्या आधीचा आठवडा

रक्ताच्या तपासण्या, शुगर, ईसीजी, छातीचा एक्स-रे, फिजिशियनचं फिटनेस, भूलतज्ज्ञांची भेट. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच बंद करायच्या, स्वतःच्या मनानं नाही, विशेषतः स्टेंट घातलेला असेल तर. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डिस्प्रिन असलं काही खात असाल तर सांगा, आयुर्वेदिक काढे आणि लसणाच्या कॅप्सूलसुद्धा सांगा. नाकात थोडं जरी रक्त जास्त आलं तरी दुर्बिणीतनं लाल सोडून काही दिसत नाही, आणि दिसलं नाही तर धोका वाढतो, म्हणून एवढं बघतात. काही जणांना आधी आठवडाभर स्टिरॉइडच्या गोळ्या देतात पॉलिप आकसायला, तेव्हा शुगरवाल्यांनी रोज शुगर बघायची.

सर्दी-ताप आला तर लपवू नका, तारीख पुढं ढकलू दे. आदल्या रात्री हलकं जेवा, ऑपरेशनच्या आधी सहा तास जेवण नाही, चहा नाही, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी जे सांगितलंय तेच पाळा. नथ-चमकी काढून ठेवा, नेलपेंट पुसा.

त्या दिवशी

तुम्हाला काहीच कळत नाही, पूर्ण भूल असते. नाकात औषधाच्या पट्ट्या ठेवून रक्तवाहिन्या आकसवतात, मग चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण, सरळ बघणारी आणि तिरकी बघणारी अशा वेगवेगळ्या कोनांच्या, त्या बदलून बदलून बुजलेल्या दाराशी जातात, आडवं आलेलं पातळ हाड काढतात, दार रुंद करतात, पॉलिप फिरत्या ब्लेडनं कापून ओढून घेतात. बाहेर कुठं चिरा नाही, तोंडावर टाका नाही. बऱ्याच जणांना त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी सोडतात.

धोके सांगितलेच पाहिजेत. डोळा आणि मेंदू दोन्ही कागदासारख्या पातळ हाडापलीकडं असतात, त्यामुळं डोळ्याला इजा, किंवा मेंदूभोवतीचं पाणी गळणं असं होऊ शकतं. अनुभवी हातात हे शंभरातनं एकापेक्षाही कमी जणांना होतं, पण सही करायच्या आधी डॉक्टरांच्या तोंडून ऐका.

शुद्धीवर आल्यावर नाक पूर्ण बंद, घसा कोरडा, तोंडानं श्वास, आणि घशातनं थोडं रक्त. मला त्याचं कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून मी घाबरले. ते रक्त गिळू नका, थुंका, गिळलं की उलटी होते. पॅक काढतात एक-दोन दिवसांनी (हल्ली विरघळणारेपण असतात), काढताना दुखण्यापेक्षा ओढल्यासारखं वाटतं, लांबच लांब येतंय असं, डोळ्यातनं पाणी येतं आणि मिनिटात संपतं. माझ्या ह्यांनी हात धरला होता, त्यांच्याच हाताला माझी नखं लागली.

नंतरचे तीन महिने

इथं लोक चुकतात. पहिले दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडून जाऊ द्यायची. डोक्याखाली दोन-तीन उशा. वाकून केर काढणं, कुणाच्या पाया पडणं, पाण्याची घागर, सिलिंडर, पोरगं कडेवर घेणं, सगळं बंद. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, जोर लावला की नाकातनं रक्त येतं, रात्री इसबगोल घ्या. पहिले दोन-तीन दिवस जेवण कोमट, वाफाळता चहा नको. डोक्यावरनं अंघोळ करताना मान खाली नको, सरळ बसून दुसऱ्याकडनं केस धुऊन घ्या. दुखलं तर पॅरासिटामॉल किंवा लिहून दिलेली गोळी, घरातली ब्रुफेन नाही. टेबलावरचं काम साधारण आठवड्यानं, धुळीचं आणि ओझ्याचं काम तीन आठवडे तरी नाही, आणि मग जाताना मास्क.

गुलाबी पाणी, तपकिरी गाठी, चिकट घाण हे काही दिवस येतंच. भळभळ लाल रक्त आलं तर पुढं वाकून बसा, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा, मागं मान टाकायची नाही, आणि थांबलं नाही तर दवाखाना. डोळा सुजला, काळानिळा पडला, एकाचे दोन दिसायला लागले, नजर अंधुक झाली, वाकल्यावर एकाच नाकपुडीतनं पाण्यासारखं पातळ, खारट थेंब थेंब गळायला लागलं, मान ताठ होऊन डोकं असह्य दुखलं, जास्त ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच जायचं. हे मी घरातल्या सगळ्यांना सांगून फ्रिजवर लिहून चिकटवलं होतं.

नाक धुणं डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून चालू, दिवसातनं तीन-चार वेळासुद्धा सांगतात. आत खपल्या धरतात, त्या भिजल्या की सुटतात. आणि साफसफाईच्या भेटी, पहिल्या आठवड्यात एक, मग दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं. त्यात दुर्बीण घालून खपल्या काढतात, सुन्न करणारं औषध मारून. मला बाराव्या दिवशी इतकं बरं वाटलं की दुसरी भेट चुकवून मी भाचीच्या लग्नाला जतला गेले, पाच दिवस धुतलं नाही. परत आले तर एका बाजूला आत दोन भिंती एकमेकींना चिकटायला लागलेल्या. मॅडमनी तिथंच सुन्न करून सोडवल्या, दुखलं, आणि वेळेत आले म्हणून बरं झालं. तशाच राहिल्या असत्या तर जे दार उघडलं होतं तेच परत बंद झालं असतं. "परत झालं" म्हणतात त्यातलं बरंचसं हे असं सुरू होतं.

अस्तर पूर्ण बरं व्हायला दोन-तीन महिने लागतात. स्प्रे चालूच राहतो, पॉलिपवाल्यांना तर वर्षानुवर्षं. कारण दुर्बिणीनं दार मोकळं होतं, पण अंगातली ॲलर्जी, दमा, अस्तर सुजायची सवय कापता येत नाही. आता औषध त्या मोकळ्या दारातनं आतपर्यंत पोचतं, जे आधी पोचतच नव्हतं, हाच तर खरा फायदा. बायोप्सीचा रिपोर्ट मागून घ्या, त्यावरनं पॉलिप परत यायची शक्यता किती ते डॉक्टर सांगू शकतात.

वासाचं म्हणाल तर तो कधी आठवड्यात येतो, कधी महिन्यांनी, काही जणांचा अर्धवटच येतो. घरी सराव करता येतो. लवंग, लिंबाची साल, गुलाब आणि निलगिरीचं तेल वेगवेगळ्या डब्यांत ठेवायचं, रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वास वीस-वीस सेकंद हळू हुंगायचा, आणि हुंगताना तो वास आठवायचा, निदान तीन महिने. मला पहिल्यांदा लवंग आली, मग एका दुपारी दुकानात पोतं फोडलं आणि हळदीचा कच्चा, मातीसारखा वास आला. नऊ वर्षं मी त्या दुकानात बसतेय आणि चार वर्षं तो आला नव्हता, मी पेन खाली ठेवून तशीच बसून राहिले.

पुढं सर्दी होणार, ती कुणालाच चुकत नाही. सर्दी झाली की घाबरू नका, धुणं वाढवा, स्प्रे चालू ठेवा, दहा दिवसांत उतरली नाही किंवा परत घट्ट पिवळं यायला लागलं तर मेडिकलमधनं अँटिबायोटिक आणू नका, जाऊन दुर्बिणीनं बघून घ्या. आणि सीटीची फिल्म, सीडी, ऑपरेशनचा कागद आणि बायोप्सीचा रिपोर्ट एकाच पिशवीत घालून पुराचं पाणी पोचणार नाही अशा वरच्या कपाटात ठेवा. पुढं कधी दुसऱ्या डॉक्टरकडं जायची वेळ आली तर आत काय काढलंय आणि काय ठेवलंय हे त्यांना त्यावरनंच कळतं.